शून्याची बातमी

आमच्या बिल्डिंगीत खाली, मीटरच्या पेटीशेजारी एक काळा फळा होता. त्यावर पाण्याची वेळ लिहिलेली असायची. 'सकाळी ६ ते ८, सायं. बंद', एवढंच. लिहायचे धर्मराजकाका. ते सोसायटीचे सेक्रेटरी. तुर्भ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्यांची तीस वर्षं गेलेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट लिहून ठेवली की ती झाली, असं त्यांचं मत. खडू शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. सुरतेत प्लेग आल्याचं रेडिओवर सांगितलं, आणि फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली आणखी एक ओळ आली. 'प्लेग, नवी मुंबई : १'. दुसऱ्या दिवशी एक पुसून चार केले होते. त्या सकाळच्या पेपरात मथळा होता, 'नवी मुंबईत प्लेगचे रुग्ण चौपट'. 'संशयित' हा शब्द खाली, बातमीच्या तिसऱ्या ओळीत होता.

पेपर आमच्याकडेही तोच यायचा. मी पनवेलच्या कॉलेजातून स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. आमचे सर कुठलाही आकडा ऐकला की एकच विचारायचे, "कितींपैकी?" दहा मुलं नापास झाली, सर. कितींपैकी? इतकं की आम्ही कॅन्टीनमध्ये दोन समोसे मागितले तरी कुणीतरी हळूच म्हणायचं, कितींपैकी. तो मथळा वाचताना मला सर आठवले. एकाचे चार म्हणजे चौपट, हे खरंच. पण किती जणांना तपासलं, त्यांतले किती सुटले, हे कुठेच नव्हतं. ताप आलेला प्रत्येक जण त्या दिवसांत संशयित होता.

हे सगळं मला कळत होतं. तरी मी केमिस्टकडे जाऊन प्लेगवरचं टेट्रासायक्लिन मागितलं. संपलं होतं. दाराखाली फट होती तिथे मी गोणपाट कोंबलं, उंदरासाठी. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. घरात तिला आम्ही बाय म्हणायचो. मी तिचा ताप दिवसातून तीनदा बघायची आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायची. तो कधी नसायचाच. माझा नवरा कल्पेश तळोज्याला शिफ्टमध्ये होता. तो म्हणायचा, हिचं सगळं स्टॅटिस्टिक्स पोरीच्या काखेत गेलं.

सुरुवातीला थट्टाही झाली. आमच्याकडे आकडा म्हटलं की मटकाच डोळ्यांपुढे येतो. तळमजल्यावरचे हौसेराव रिक्षा चालवायचे. ते सकाळी फळ्यासमोर उभे राहून विचारायचे, "काका, ओपन सात लागला. क्लोजला काय येतंय?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग आठ झाले, मग दहा, आणि पदर तोंडावर राहिले पण हसणं गेलं.

आमच्या समोरच्या दारात नाझिया राहायची. मूळची म्हसळ्याकडची. मराठी शाळेत शिकलेली, माझ्याच वयाची. तिची मुस्कान आणि माझी बाय यांच्यात दोन महिन्यांचं अंतर. दोघी एकाच ताटलीतला भात सांडायच्या. आमची दारं दिवसभर उघडीच असायची, मधल्या चार फुटांच्या जागेला माझ्या सासूबाई वटी म्हणायच्या. नाझियाचा नवरा खलील वाशीच्या एका कापड दुकानात खरेदीचं काम बघायचा. महिन्यातून एकदा सुरतेला जायचा.

त्या महिन्यातही गेला होता. बातमी येण्याच्या दोन दिवस आधी परत आला, आणि आठवड्यानं त्याला ताप भरला. मजल्यावर थर्मामीटर एकच होता, माझा. नाझिया तो न्यायची आणि परत देताना आकडा सांगायची. एकशे तीन. दुसऱ्या दिवशी साधा. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकशे तीन, हुडहुडी भरून. सवयीनं तेही मी कॅलेंडरमागे लिहून ठेवलं होतं, बायच्या ओळीखाली.

एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा ताप कशाचा असतो, हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. सासूबाई खाडीवरच्या दिवाळे गावच्या. त्या म्हणाल्या, "ह्यो त हिवताप हाय. त्यात काय?" पण खलील म्हणाला, भाभी, मी सुरतेहून आलोय. घरात लहान पोर आहे, समोर तुमची आहे. एकदा दाखवून येतो. आणि तो स्वतःहून, चालत, बस पकडून सरकारी दवाखान्यात गेला. त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर दहाचे अकरा झाले.

अकरावा कोण, हे मला ठाऊक होतं. त्याला कारलं आवडत नाही, तो जिना चढताना शिट्टी वाजवतो, हेही ठाऊक होतं. आजवर मी इतके आकडे मांडले, पण आकड्यातला माणूस ओळखीचा निघायची ती पहिलीच वेळ.

बाकीच्यांना ठाऊक व्हायला एक दिवस लागला. नाझियाचं दार बंद झालं. तिनं लावलं की आम्ही लावायला लावलं, ते आता सांगता यायचं नाही. आमचंही बंद होतंच. मुस्कान आतून दारावर थापा मारायची आणि बाय आमच्या बाजूनं उत्तर द्यायची. मी बायला उचलून आतल्या खोलीत न्यायची.

पाचव्या दिवशी खलील परत आला. अंगानं उतरलेला, पण ताप गेलेला. हातात दवाखान्याचा कागद. संध्याकाळी तो फळ्याजवळ उभा राहिला आणि येईल त्याला कागद दाखवू लागला. इंग्रजीत लिहिलं होतं, प्लेग निगेटिव्ह, मलेरिया पॉझिटिव्ह. धर्मराजकाकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही आहेत."

खलील हसला. त्याला वाटलं काका मस्करी करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला. निगेटिव्ह म्हणजे नाही, हे त्यानं समजावलं, मी जिन्यातून समजावलं. हौसेराव म्हणाले, निगेटिव्ह म्हणजे चांगलं कसं असेल, वहिनी, निगेटिव्ह माणूस म्हणजे वाईट माणूस. शेवटी काकांनी कागद घडी घालून परत दिला. म्हणाले, ठीक आहे, तुम्ही म्हणता तर बरे असाल. उद्या पेपरात अकराचे दहा झाले की मीच फळ्यावर दहा करतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात अकराच होते. तिसऱ्या दिवशीही.

मी दोन आठवड्यांचे पेपर काढून जमिनीवर पसरले. एक, चार, सात, आठ, दहा, अकरा. मग माझ्या लक्षात आलं. हे लोक फक्त बेरीज करत होते. जो आत गेला तो मोजला, जो बाहेर आला त्याचं काही नाही. असा आकडा वाढू शकतो, थांबू शकतो. कमी कधीच होऊ शकत नाही.

बायला सासूबाईंकडे देऊन मी नाक्यावरच्या पीसीओत गेले आणि पेपरच्या कचेरीत फोन लावला. एक उपसंपादक बोलले. आवाजानं तरुण, गडबडीत. मी सांगितलं की तुमच्या अकरांतला एक जण घरी आलाय, त्याला मलेरिया होता. ते म्हणाले, ताई, आम्ही संशयित असंच छापतो. मी म्हटलं, आता तो संशयितही नाही. ते म्हणाले, दवाखाना आम्हाला नवे दाखल किती ते सांगतो, सुटले किती ते सांगत नाही. मी म्हटलं, मग विचारा ना. पलीकडे दुसरा फोन वाजत होता. "लेखी द्या, ताई," ते म्हणाले. "पूर्ण नाव-पत्ता घालून द्या. चांगलं असेल तर वापरू."

दुपारी बाय झोपल्यावर मी पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. खलीलचं नाव घालायचं नाही, एवढं ठरवलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'आपण छापत असलेला अकरा हा आकडा बेरजेचा आहे, त्यातून बरे झालेले वजा केलेले नाहीत.' दुसरं होतं, 'या अकरांपैकीच एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात व त्यांना प्लेग नसल्याचे सिद्ध झाले आहे.' पुढे मी कॅलेंडरमागची नोंद दिली होती. सुरतेहून येणं, एक दिवसाआड एकशे तीन ताप, हुडहुडी. म्हणजे वाचणाऱ्याला मलेरिया आपोआप कळावा. शेवटी सरांचा प्रश्न घातला, कितींपैकी. खाली नाव आणि पूर्ण पत्ता, सेक्टर, बिल्डिंग, मजला. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी धड केलं असं वाटलं. नाझियाला सांगितलं नाही. छापून आल्यावर पेपरच दाखवू, असा विचार.

पत्र गुरुवारी आलं. पत्रांच्या रकान्यात नाही, पहिल्या पानावर, चौकटीत. 'नेरूळमध्ये आणखी एक संशयित. शेजारणीच्या पत्रामुळे प्रकार उजेडात'. माझी पहिली दोन वाक्यं नव्हती. सुरत होती, एकशे तीन ताप होता, हुडहुडी होती. बिल्डिंगचं नाव होतं. माझं नाव होतं, त्यापुढे 'एक जागरूक गृहिणी' असं. आणि शेवटची ओळ होती, 'यामुळे नवी मुंबईतील संशयितांची संख्या बारा झाली आहे.'

मी चपला न घालता खाली गेले. धर्मराजकाका फळ्यावर अकराचा दुसरा एक बोटानं पुसून तिथे दोन काढत होते.

"काका, तो तोच आहे," मी म्हटलं. "खलीलच. दोनदा मोजलाय त्याला."

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं. "वहिनी, तुम्हीच लिहिलंत. आता घाबरू नका. बरं केलंत."

पीसीओतून पुन्हा फोन लावला. तेच उपसंपादक. ते चिडले नाहीत. म्हणाले, जागा कमी होती, वरच्या ओळी गेल्या, अकरांपैकी आहे हे त्यांतच होतं वाटतं. बघतो. उद्या खुलासा टाकू. खुलासा आला तो रविवारी, आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींखाली दोन ओळींचा. त्यात कुठल्या बातमीचा खुलासा ते लिहिलेलं नव्हतं.

पण रविवारची वाट कोण बघतंय? मीटिंग शुक्रवारी संध्याकाळीच झाली, फळ्यासमोर, सगळे उभेच. खलील भिंतीला टेकून होता. नाझिया मुस्कानला कडेवर घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर. तिनं पेपर वाचला होता, हे मला तिच्या न बघण्यावरून कळलं. काकांनी ठराव वाचला. भाडेकरू कुटुंबानं काही दिवस गावी जावं. घरमालकाला चेंबूरला कळवलेलं आहे, त्यांची हरकत नाही. आणि मग त्यांनी आपल्या मनानं, चांगुलपणानंच, पुढचं जोडलं. "हाकलत नाही आपण कुणाला. या फळ्यावर शून्य आला की त्यांनी परत यावं. मी स्वतः स्टँडवर घ्यायला जाईन."

लोकांना ते पटलं. खलीललाही पटलं असावं. तो म्हणाला, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

मी म्हटलं, हा आकडा शून्य होणारच नाही. सगळे माझ्याकडे वळले. मी बेरीज-वजाबाकी समजावू लागले. नवी मुंबईत लाखो माणसं आहेत, त्यांत हे बारा, त्या बारांतले नक्की किती खरे ते कुणी सांगत नाही, आणि खलीलभाई तर तपासून आलेले. आपल्याला रस्ता ओलांडताना जेवढा धोका आहे तेवढाही इथे नाही. मी बरं बोलले. कॉलेजात एवढं नीट कधी बोलले नव्हते.

हौसेराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तसंच असंल. मग असं करा. आज रात्री बायला त्यांच्या घरी झोपवा. आमी सगळे गप बसतो. ठराव फाडून टाकतो."

कुणी हसलं नाही. ती थट्टा नव्हती. एक साधी गोष्ट मागितली होती त्यांनी. बाय माझ्या खांद्यावर होती, तिचा श्वास मानेला लागत होता. मी हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं. जवळजवळ शून्य. मी त्या 'जवळजवळ'कडे बघत राहिले. नाझियानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ती थांबली होती. तिला माझ्या तोंडून एक 'हो' हवा होता, बाकी काही नको होतं.

माझा हात बायच्या पाठीवर घट्ट झाला. तो माझ्या मनानं झाला नाही, आपोआप झाला. पण सगळ्यांनी बघितला.

"बस," हौसेराव म्हणाले. "झालं."

शनिवारी सकाळी ते निघाले. दोन पिशव्या, एक वळकटी. बाकी सामान घरातच, कुलूप लावून. जाण्याआधी नाझियानं दार वाजवलं. थर्मामीटर परत द्यायला आली होती. नीट धुऊन, त्याच्या नळीत घालून.

"साबणानं धुतलाय," ती म्हणाली. "दोनदा."

मी आत ये म्हणाले नाही. ती यायला थांबलीही नाही. मुस्काननं वाकून बायच्या फ्रॉकला हात लावायचा प्रयत्न केला तेव्हा नाझियानंच तिला मागे ओढलं, माझ्या आधी.

त्यांचा आवाज जिन्यावरून गेल्यावर मी गॅसवर पाणी ठेवलं, उकळू दिलं आणि थर्मामीटर त्यात टाकला. एवढी शिकलेली मी. टिचकन आवाज झाला. पारा तळाशी गेला आणि त्याचे थेंब झाले. एकाला चमचा लावला की दोन, दोनांचे चार. सासूबाई मागून म्हणाल्या, "काय फुटला ग?" मी काही नाही म्हटलं आणि पातेलं तसंच बाहेर नेऊन खड्ड्यात पुरलं.

पुढचा आठवडा पेपरात बाराच राहिले. मग बातमी आतल्या पानावर गेली, मग दिसेनाशी झाली. दसरा होऊन गेला. पहिल्या पानावर आता निवडणुकीचे अंदाज होते, कोणाला किती टक्के. कितींना विचारलं ते तिथेही नव्हतं. फळ्यावर मात्र 'प्लेग, नवी मुंबई : १२' तसंच होतं. पाण्याची वेळ बदलली की काका वरची ओळ पुसायचे, खालची सांभाळायचे. खडू फिका झाला की त्यावरूनच पुन्हा गिरवायचे. मी त्यांना म्हटलं, आता पुसा. ते म्हणाले, "मी कोण पुसणार? पेपरात शून्य येऊ दे, लगेच पुसतो." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. ते खरंच रोज शून्य शोधत होते.

म्हणून मी तिसऱ्यांदा फोन लावला. उपसंपादकांनी मला ओळखलं. "संपला की हो प्लेग, ताई. आम्ही तो आकडा बंदच केला."

"मग शून्य छापा," मी म्हटलं. "एका ओळीत. नवी मुंबईत प्लेगचे रुग्ण शून्य."

ते अगदी सरळपणे म्हणाले, "शून्याची बातमी कशी होणार, ताई?"

दिवाळीच्या आधी पोस्टकार्ड आलं, नाझियाच्या अक्षरात. ह्यांना आता बरं आहे. दुकानवाल्यांनी जागा अजून ठेवली आहे, पण फार दिवस ठेवणार नाहीत. मुस्कान बायचं नाव घेते. फळ्यावर आकडा किती आहे? शून्य झाला असेल तर लगेच कळव, आम्ही निघतो.

मी कार्ड घेऊन खाली गेले. बारा. काकांच्या घराला कुलूप होतं. खडू त्यांच्या खिशात गेला असणार, पण फळ्याच्या चौकटीवर एक तुकडा पडलेला होता. मी तो उचललाही. जिन्यात कुणी नव्हतं. बाराच्या जागी शून्य काढायला किती वेळ लागतो? मग मला वाटलं, कुणी विचारलं तर काय सांगू, कुठल्या पेपरात आलं? आणि दुसरंही वाटलं, तेही लिहिते. ते परत आले तर दारं पुन्हा उघडी ठेवावी लागतील.

मी वर आले आणि उत्तर लिहिलं. बाय बरी आहे. सासूबाईंनी सलाम सांगितला आहे. फळ्यावर अजून बारा आहे.

ते अगदी खरं होतं.

पंधरा दिवसांनी खलील एकटा टेम्पो घेऊन आला. दुकानातली जागा गेली होती. घर त्यानं सोडलं. सामान उतरवायला हौसेरावांनी मदत केली, कपाटाचं वजन स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मी चहा विचारला. तो म्हणाला, नको भाभी, टेम्पोवाला थांबलाय. जाताना तो फळ्यासमोर क्षणभर उभा राहिला.

"बरेच दिवस टिकले हे बारा," तो म्हणाला, आणि शिट्टी न वाजवता गेटबाहेर गेला.

टेम्पो वळल्यावर मी ओलं फडकं आणलं आणि ती ओळ पुसली. काकांनी बघितलं आणि नुसती मान हलवली. पण महिनाभर एकाच जागी गिरवल्यामुळे फळा तिथे पांढुरका पडला होता. पाणी सुकलं की बारा पुन्हा दिसायचे. पाण्याची वेळ आता त्यांच्यावरच लिहितात.